दादानं बॉडी निवडली

लग्न ठरवायला आमच्या दादाला एक संध्याकाळ पुरली होती. घर घ्यायला दोन रविवार. कॅमेऱ्याची बॉडी निवडायला मात्र त्यानं अकरा महिने घेतले. वहिनी हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते आणि ‘एक संध्याकाळ’वर जरा जास्तच जोर देते.

दादा वजनमापं खात्यात निरीक्षक होता. चौतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन त्यानं तराजू तपासले, काटे तपासले, पेट्रोलपंपांची मापं तपासली आणि जिथं तसूभर खोट सापडली तिथं सील ठोकलं. तो निवृत्त झाला तेव्हा बाजारपेठेनं सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही घरच्यांनी मात्र धसकाच घेतला, कारण आता तपासायला तराजू उरले नव्हते, आम्ही उरलो होतो. नशिबानं महिन्याभरात त्याचं फोटोग्राफीचं जुनं वेड उसळून वर आलं, तो छायाचित्र मंडळात जायला लागला आणि मला वाटलं, सुटलो. मी भोळाच.

मंडळात कुणीतरी त्याला एक फोटो दाखवला. आकाश काळंकुट्ट आणि खालची झाडं पांढरीफटक, पानन् पान मिठानं घडवल्यासारखं. इन्फ्रारेड. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला दादा माझ्या दुकानात.

‘‘मला एक बॉडी मोनोक्रोम करून घ्यायचीय. आणि इन्फ्रारेडसुद्धा. एकाच बॉडीत दोन्ही. कुठली घेऊ?’’

लक्षात घ्या, ‘कुठली घेऊ’ असं विचारलं. ‘तू करशील का’ असं नाही.

मी कॅमेरे दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. शिंप्याच्या दुकानावरचा पहिला मजला, उत्तरेकडची खिडकी, दोन टेबलं, आणि एका टेबलावर धूळ येऊ नये म्हणून काचेची पेटी. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर माझ्याकडे येतात, स्टुडिओवाले येतात, डोळ्यांच्या इस्पितळातला बुबुळांचे फोटो काढणारा कॅमेराही माझ्याकडेच येतो. साऱ्या गावाचे कॅमेरे माझ्या हाताखालून गेलेत. तोवर एक दादाचा सोडून. बॅटरीचं झाकण सैल झालं तरी तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. एकदा त्याच्या हातातला कॅमेरा नुसता बघायला म्हणून मी हात पुढे केला, तर गृहस्थानं तो छातीशी धरला.

त्यामागे कारण आहे. नाही असं म्हणत नाही. दादानं पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तो कामाला गेला, आणि आत काय असतं ते बघावं म्हणून मी स्क्रू काढले. एक स्प्रिंग ‘टिंग’ करून उडाली ती कुठं गेली, देव जाणे. संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा त्याचा पहिला पगार वर्तमानपत्रावर बेचाळीस तुकड्यांत मांडून ठेवलेला होता. तो मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं, विषय तिथंच संपला असता. तो फक्त म्हणाला, ‘‘यापुढे माझी कुठलीही वस्तू उघडायची नाही.’’ छत्तीस वर्षं झाली होती. सील तसंच होतं.

मी हा धंदा का धरला असं लोक विचारतात. मी काहीतरी ठोकून देतो, आवड होती वगैरे. खरं सांगायचं तर मला एकच हवं होतं. दादानं एकदा, फक्त एकदा, आपल्या हातानं आपला कॅमेरा माझ्या हातात द्यावा आणि म्हणावं, उघड. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, मला माहीत आहे. पण हवं होतं.

तर ‘कुठली घेऊ’ याचं उत्तर मी तिथल्या तिथं दिलं.

आधी हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाहीत, त्याला फक्त उजेड कळतो. त्याच्या अंगावर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा एक पातळ थर असतो, त्यातून तो रंगांचा हिशेब लावतो. हा थर खरवडून काढला की कॅमेरा कायमचा कृष्णधवल, म्हणजेच मोनोक्रोम. सेन्सरच्या पुढे एक काच असते, ती डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड अडवते. ती काढली की झाडं पांढरी. ऐकायला सोपं आहे. पण सेन्सरच्या कडेनं केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात. खरवडताना त्यातल्या एकीला नुसता धक्का लागला, की अख्खा सेन्सर मेला. म्हणून बॉडी अशी हवी, की जिच्या सेन्सरवरची काच सहज सुटते, जिचा सेन्सर आत हलता नाही आणि जी थेट सेन्सरवरूनच फोकस करते. अशी एक जुनी बॉडी आहे. सोळा मेगापिक्सेलची, दिसायला साबणाच्या वडीसारखी. मी स्वतः तीच वापरत होतो.

‘‘ही घे,’’ मी माझी बॉडी त्याच्यापुढे ठेवली. ‘‘सेकंडहॅण्ड शोधलीस तर मिळेल.’’

दादानं ती उचलली, उलटीपालटी केली आणि खाली ठेवली. ‘‘तुला काय कळतंय त्यातलं,’’ तो म्हणाला. सव्वीस वर्षं कॅमेरे उघडणाऱ्या माणसाला.

मग वही आली. निळ्या पुठ्ठ्याची, खात्यातून उरलेली. आडव्या रकान्यांत बॉडीची नावं, उभ्या रकान्यांत सतरा कसोट्या. वजन ही पहिली कसोटी होती हे सांगायला नकोच. दर शुक्रवारी तो दुकानात यायचा, माझ्या स्टुलावर बसायचा, माझा चहा प्यायचा, मला प्रश्न विचारायचा, माझी उत्तरं लिहून घ्यायचा आणि वर म्हणायचा, ‘‘खात्री करून घ्यायला हवी.’’

तिसऱ्या महिन्यात तो चाळीस मेगापिक्सेलच्या एका बॉडीवर भाळला. मी म्हटलं, दादा, तिचा सेन्सर लोहचुंबकांवर तरंगत असतो, तो खरवडायचा म्हणजे झोक्यावर बसून दाढी करायची. पाचव्या महिन्यात दुसरीच्या प्रेमात पडला. मी म्हटलं, तिच्या आत शटर मोजायला एक छोटा दिवा आहे, तो इन्फ्रारेडचाच उजेड टाकतो, तुझ्या प्रत्येक फोटोत एका कडेला धुकं येईल. हे त्याला पटलं नाही. मग कुठल्याशा परदेशी तज्ज्ञानं इंटरनेटवर तेच लिहिलं, तेव्हा दादा मला येऊन सांगायला लागला, ‘‘तुला ठाऊक आहे का, तिच्या आत एक दिवा असतो!’’ मी म्हटलं, काय सांगतोस!

सातव्या महिन्यात वहिनीचा फोन. ‘‘भाऊजी, तुम्हीच काहीतरी करा हो. जेवताना ताटाशेजारी वही असते. मी काल विचारलं, आमटी कशी झालीय, तर म्हणाले, आधीच्यापेक्षा डायनॅमिक रेंज बरी आहे.’’

अकराव्या महिन्यात एका सकाळी तो आला, स्टुलावर बसला नाही, उभाच राहिला. निकाल जाहीर करताना माणसानं उभं राहावं. ‘‘बॉडी ठरली,’’ म्हणाला आणि वही उघडून दाखवली. सतरापैकी पंधरा गुण. सोळा मेगापिक्सेल, साबणाची वडी.

मी शांत राहिलो. इतका शांत, की माझ्या बायकोला खरं वाटत नाही.

‘‘छान,’’ मी म्हणालो. आणि मग, जीभ आवरली असती तर बरं, पण नाही आवरली. ‘‘दादा, मी करून देऊ का? मोनोक्रोमची कामं मी बरीच केलीत.’’

तो हसला. वाईट मनानं नव्हे, लहान मूल ‘मी गाडी चालवू?’ म्हणतं तेव्हा हसतात तसा. ‘‘तू? पुन्हा?’’ म्हणाला. ‘‘अरे, हे नाजूक काम आहे. मी डॉक्टरांकडे पाठवतोय.’’

हे डॉक्टर म्हणजे सेन्सरचे डॉक्टर. तसं लोक त्यांना म्हणतात, आणि तसं लोकांनी म्हणावं याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केलीय. दुसऱ्या शहरात असतात. पांढरा कोट, निळे हातमोजे, हातात चिमटा, मागे मंद सतार असे त्यांचे व्हिडिओ आहेत. आता आतली गोष्ट सांगतो. त्या चिमट्यानं त्यांनी आजवर फक्त कॅमेऱ्याकडे बोट दाखवलंय. खरवडायचं काम त्यांना जमत नाही. गेली चार वर्षं मोनोक्रोमची त्यांची सगळी कामं कुरिअरनं एका शिंप्याच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर येतात, आणि झाली की परत जातात. अट एकच, माझं नाव कुठं येता कामा नये. मला चालत होतं. नाव घेऊन काय जाळायचंय?

दादाला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्यानं बॉडी डॉक्टरांकडेही पाठवली नसती. मी म्हटलं, जाऊ दे तिला, फिरून येऊ दे. माझ्या दुकानापासून दादाचं घर पायी बारा मिनिटांवर आहे. त्याच्या कॅमेऱ्यानं ते अंतर सहा दिवसांत कापलं, चारशे किलोमीटरांचा वळसा घालून.

पार्सल उघडलं आणि ओळख पटायला क्षणही लागला नाही. बॉडीच्या तळाला बारीक अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली: ‘वजन बॅटरीसह ३७१ ग्रॅम. पाठवण्यापूर्वी तपासले.’ सोबत चार पानांचं पत्र. डॉक्टरांनी ते न वाचताच पुढे ढकललं होतं. ‘काम करणाऱ्यांसाठी सूचना,’ एकूण बावीस. पहिली सूचना: पार्सल उघडताना कात्री वापरू नये. मी कात्री खाली ठेवली, पोट धरून हसलो आणि पत्र घडी करून बाजूला सारलं.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मनात म्हटलं, असं काम करतो की बघतच राहील. आणि त्यानं डॉक्टरांची तारीफ करून करून तोंड दुखवलं, की मग सांगतो. ते दृश्य मी मनातल्या मनात पाच-सहा वेळा रंगवलंसुद्धा.

बॉडी उघडली, सेन्सर बाहेर काढला, वरची काच ऊब देऊन सोडवली. एक तडा नाही. दुसऱ्या दिवशी खरवडायला घेतलं. हे काम मी बांबूच्या टोकानं करतो, भिंगाखाली, श्वास मोजत. अर्ध्याहून जास्त सेन्सर साफ झाला होता. दुपारी बायको डबा घेऊन आली. तिनं ते पत्र पाहिलं, उलगडलं आणि वाचायला लागली. मी म्हटलं, मोठ्यानं वाच, करमणूक होईल.

‘‘सूचना सात. स्क्रू काढल्या क्रमाने ठेवावेत व मोजावेत.’’

‘‘मोजावेत!’’ मी दादाचा आवाज काढला. दादाचा आवाज मी फार छान काढतो. बायको हसली. मला आणखी चेव आला.

‘‘सूचना आठ. घाम येत असल्यास कपाळ आधी पुसावे.’’

‘‘कपाळ आधी, मग मान, मग खात्याला अहवाल.’’

‘‘सूचना नऊ,’’ ती हसता हसता म्हणाली, ‘‘काम करताना बोलू नये.’’

‘‘काम करताना,’’ मी दादाच्या आवाजात सुरू केलं, मान त्याच्यासारखी ताठ केली, आणि मानेबरोबर खांदा हलला, खांद्याबरोबर हात.

आवाज काहीच होत नाही. हेच वाईट असतं. भिंगाखाली उजव्या कडेच्या दोन तारा आडव्या झालेल्या दिसल्या, बस्स. मी सेन्सर जोडून पाहिला. पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा. कितीतरी वेळ मी त्या रेघांकडे बघत बसलो.  माझ्यापुढे पुन्हा दादाचा कॅमेरा तुकड्यांत पडला होता, आणि या खेपेला चौदा वर्षांचा असल्याची सबब नव्हती.

बायको घाबरली. ती पत्राची शेवटची पानं चाळत राहिली, आणि मग तिनं ते पत्र गुपचूप माझ्यापुढे ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सूचना बावीस. ‘वरील सर्व केवळ माझ्या सवयीमुळे लिहिले आहे. आपल्या हातांवर माझा पूर्ण विश्वास आहे.’

अनोळखी माणसाला लिहिलं होतं त्यानं ते. भावाला छत्तीस वर्षांत नाही. मला इतका राग आला, आणि इतकी लाज वाटली, की दोन्हीतलं आधी काय आलं ते सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र लाजेचं होतं.

आता त्याच बॉडीचा दुसरा सेन्सर हवा होता. बाजारात सुटा मिळत नाही, आणि तशी जुनी बॉडी शोधून मागवण्याइतका वेळ नव्हता. एकच माहीत होता, आणि तो टेबलाच्या खणात होता.

‘‘अहो, ती तुमची आहे,’’ बायको म्हणाली. ‘‘स्वतःसाठी एवढी एकच तर ठेवलीय तुम्ही.’’

‘‘मग?’’ मी खेकसलो. तिच्यावर खेकसायचं काही कारण नव्हतं. ती गेल्यावर मी माझी बॉडी उघडली.

दुसऱ्या सेन्सरला आठ दिवस लागले. फोन खणात, दाराला कुलूप, बाहेर ‘बंद’ची पाटी. बावीसच्या बावीस सूचना पाळल्या. स्क्रू काढल्या क्रमानं ठेवले आणि मोजले. कपाळ आधी पुसलं. आठ दिवसांत दुकानात एक शब्द उच्चारला नाही. सेन्सर जोडून पहिला फोटो काढला, खिडकीबाहेरच्या गंजलेल्या जिन्याचा. गंजाचा कण न् कण दिसत होता. मी डॉक्टरांना कळवलं, की पहिला सेन्सर माझ्या हातून गेला, दुसरा बसवलाय. ते म्हणाले, ‘‘चालतंय ना? मग गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?’’ थोर माणूस!

कॅमेरा परत मिळाल्यानंतरच्या शुक्रवारी दादा आला तो नाचतच. सतरा चाचण्या घेतल्या होत्या, सतराही पास. टेबलावर फोटो पसरले. धान्याच्या गोदामासमोरचा जुना वजनकाटा, वहिनीचे शिवण शिवतानाचे हात, आणि काळ्या आकाशाखाली पांढरी झाडं. फोटो चांगले होते. मला खूप वाटलं की ते वाईट असावेत, पण नव्हते.

‘‘बघ,’’ तो म्हणाला, ‘‘याला म्हणतात हात. शीक जरा.’’

‘‘शिकतो,’’ मी म्हटलं.

मग दर शुक्रवारी तेच. डॉक्टरांचा हात असा, डॉक्टरांची सफाई तशी. मी ज्या दृश्यासाठी इतका हपापलो होतो ते आठवड्याला एकदा घरपोच यायला लागलं, आणि मला ते गिळवेना. बायको म्हणायची, सांगून टाका ना एकदाचं, मी केलंय म्हणून. पुढचं नका सांगू, कोण विचारतंय? मी तसंही ठरवून पाहिलं. पण ज्या माणसानं जन्मभर लोकांची कमी भरलेली मापं पकडली, त्याच्यापुढे अर्धंच माप कसं ठेवू? आणि पूर्ण सांगितलं तर तो काय म्हणणार ते मला पाठ होतं. ‘तरी मी म्हणत होतो.’ त्यापेक्षा डॉक्टरांची आरती परवडली.

हिवाळ्यात मंडळानं वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. दादाचे अकरा फोटो होते, एका अख्ख्या भिंतीवर. प्रत्येकाखाली त्याच्या वळणदार अक्षरात कार्ड, आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या ओळीत ‘कॅमेरा कन्व्हर्जन’ म्हणून डॉक्टरांचं नाव. आम्ही दोघं संध्याकाळी गेलो. दादा नवा शर्ट घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होता आणि भोवती वीस-पंचवीस माणसं. वहिनी खुर्चीवर बसली होती. तिनं मला बघून डोळे आकाशाकडे केले.

‘‘बॉडी निवडणं सोपं असतं,’’ दादा लोकांना सांगत होता. मी जीभ चावली. ‘‘खरा प्रश्न असतो तो हातांचा. आता हा माझा धाकटा भाऊ. यानं लहानपणी माझा पहिला कॅमेरा उघडला होता. तेव्हाच मला कळलं, उघडणारे पुष्कळ असतात हो, नीट बंद करणारा एखादाच.’’

माणसं हसली. माझ्याकडे बघून हसली. डोळ्यांच्या इस्पितळातला तंत्रज्ञही हसला, ज्याचा कॅमेरा मी तीनदा बंद करून दिलाय.

‘‘तो एखादा मीच आहे,’’ मी म्हणालो.

माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.  दादानं माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. ‘‘म्हणजे?’’

‘‘डॉक्टर हे काम करत नाहीत. ते माझ्याकडे पाठवतात. तुझा कॅमेरा मी केलाय, दादा. शिंप्याच्या दुकानावर.’’

दुसरा कुणी असता तर चिडला असता, नाहीतर हसला असता. दादा निरीक्षक आहे. तो म्हणाला, ‘‘चौदावी सूचना काय होती?’’

‘‘खोकला आल्यास तोंड डावीकडे वळवावे, कारण उजवीकडे हत्यारे असण्याचा संभव आहे.’’

‘‘एकोणिसावी?’’

‘‘तळाची चिठ्ठी काढू नये. काढलेली नाही.’’

दादाचा चेहरा बदलला. त्यानं भिंतीकडे बघितलं, एका फोटोवरून दुसऱ्यावर, अकराच्या अकरा. मग माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे नव्हे, माझ्या हातांकडे. ‘‘हे तू केलंस?’’ तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा होता, जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तिथंच थांबायला हवं होतं. बायकोनं माझं कोपर दाबलं, म्हणजे थांबा. हवं होतं ते सगळं पुढ्यात आलं होतं, नुसतं मान डोलवायचं बाकी होतं.

‘‘थांब,’’ मी म्हणालो. ‘‘पहिला सेन्सर माझ्या हातून गेला. तारा तुटल्या. हा दुसरा आहे.’’

कुणीतरी ‘‘अरेरे’’ म्हणालं. दादाच्या चेहऱ्यावरचं ते जे काही होतं ते पुसलं गेलं, मी बघत असताना.

‘‘कशानं तुटल्या?’’

‘‘बोलत होतो.’’

‘‘काय बोलत होतास?’’

‘‘तुझं पत्र म्हणत होतो. नववी सूचना.’’ मग म्हटलं, सगळंच जाऊ दे. ‘‘तुझ्या आवाजात.’’

वहिनी फसकन हसली. पदरानं तोंड दाबलं तरी हसतच राहिली, शेवटी तिला ठसका लागला. दादा हसला नाही.

‘‘दुसरा सेन्सर कुठला?’’

‘‘माझ्या बॉडीतला.’’

‘‘आणि तुझी बॉडी?’’

‘‘आहे ना. दिसायला जशीच्या तशी. आत पोकळ, एवढंच.’’

 मला वाटलं, आता येणार, ‘तरी मी म्हणत होतो’ येणार, पंचवीस माणसांसमोर येणार. मी मान खाली घातली. त्यानं खिशातलं पेन काढलं, पहिल्या फोटोपाशी गेला, कार्डावरचं डॉक्टरांचं नाव पट्टीनं खोडावं तसं सरळ खोडलं आणि खाली काहीतरी लिहिलं. मग दुसऱ्या फोटोपाशी. मग तिसऱ्या. अकराही कार्डं पुरी होईस्तोवर सभागृहात कुणी हललं नाही. मी जवळ जाऊन वाचलं. ‘कॅमेरा कन्व्हर्जन: माझा धाकटा भाऊ. दुसऱ्या प्रयत्नात.’

‘‘दादा,’’ मी हळूच म्हटलं, ‘‘ते ‘दुसऱ्या प्रयत्नात’ नसतं घातलं तर चाललं असतं.’’

‘‘नसतं चाललं,’’ तो म्हणाला. ‘‘आहे ते लिहायचं. पहिल्याच प्रयत्नात जमलं असं खोटं सांगून तू सुटला असतास, मला कळलंही नसतं.’’ त्यानं घसा साफ केला, तोंड डावीकडे वळवून. ‘‘तू सुटला नाहीस.’’

 

दादानं गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला आणि कॅमेरा माझ्या हातात ठेवला. ‘‘उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतोय, चारेक दिवस झाले. धूळ असेल. उघड आणि बघ,’’ म्हणाला.

मी तसाच उभा राहिलो. वाट बघत होतो, पुढे ‘सांभाळून’ येईल, ‘घाई करू नकोस’ येईल, निदान एखादी तरी सूचना येईल. काही आलं नाही. तो वळून भिंतीपाशी गेला होता, पाठ माझ्याकडे, आणि एका बाईंना आकाश काळं का दिसतं ते समजावून सांगत होता.